खोत्ल्यातलं मागणं

सकाळपासून दितिरोचं एकच चाललं होतं. हातात लाल चहाचा मग, समोर तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची परात आणि तोंडात पाठ केलेलं भाषण. भाषण अर्धं आणि गोळा अर्धा, अशा बेताने तो केबोन्येच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता.

"खोसी, आणि जमलेल्या भावा-बहिणींनो," तो खाकरून म्हणाला, "आमच्या लेत्साने गावाचं आयुष्य सुधारायचं असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे गुरांचा दवाखाना. आणि दुसरी..."

"दुसरी काही नाही, दादा," केबोन्ये म्हणाली. "दुसरी आली की लोक पहिली विसरतात."

"अगं, पण एकच गोष्ट मागितली तर लोक म्हणतील, दितिरोला गुरांपलीकडे काही दिसत नाही."

"तुला दिसतं कुठे?"

त्यावर दितिरो हसला. बहिणीचं बोलणं त्याला कधी लागायचं नाही. लागलं तरी गोळ्याबरोबर गिळायचा. आज मात्र केबोन्येला त्याची गरज होती, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

सरकारची माणसं गावोगाव हिंडत होती. पुढच्या काळात या देशात माणसाचं जगणं कशाने सुधारेल, हे लोकांच्याच तोंडून ऐकायचं, असा हुकूम निघाला होता. आज लेत्सानेची पाळी. प्रत्येक खात्याने आपलं एकेक माणूस बरोबर दिलं होतं, आणि शेतीखात्याने दिलं होतं ते केबोन्येच्या मुलीला, ओनालेन्नाला. गुरांची डॉक्टर ओना. ती असायची मौन शहरात, उत्तरेकडे, नदीकाठी. गेले दोन नाताळ ती घरी आली नव्हती. आता येत होती तीही कामावर, सगळ्यांसोबत गाडीतून, आणि संध्याकाळच्या आत परतणार होती.

बातमी कळल्यापासून केबोन्येच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती. लेत्सानेत गुरांचा दवाखाना झाला, तर त्याला डॉक्टर लागेल. डॉक्टर लागली, तर ओना आहेच. पोरगी आपल्या घरात झोपेल, सकाळी आपल्या हातचा चहा पिऊन कामावर जाईल. ज्या गावात माणसांपेक्षा गुरं जास्त, तिथे दवाखाना मागण्यात वावगं ते काय? म्हणून तिने आठवडाभर एकेका नातेवाइकाला गाठलं होतं. ज्याने त्याने आपापल्या शब्दांत तेच मागायचं. दहाजणांनी एक गोष्ट मागितली की ती गावाची मागणी होते.

"आणि ओना इथे आली," दितिरो मग खाली ठेवत म्हणाला, "की मला गुरं हलवायच्या परवान्यासाठी दिवस दिवस रांगेत उभं राहायला नको. भाचीला सांगायचं, मार बाई शिक्का."

"मार म्हणा आणि मारेल ती," त्याची बायको म्हणाली. गावात तिला म्मा-गोफाओने म्हणत, मोठ्या मुलाच्या नावावरून. गोफाओने मिनीबस चालवायचा आणि खडीच्या रस्त्यावर महिन्याआड गाडीचे पाटे मोडून घ्यायचा. "डांबरी रस्त्याचं काय, मी म्हणते? तुमची भाची येणार कधी, परवाना देणार कधी. माझ्या पोराची गाडी रोज मोडते."

"वहिनी, रस्ता मागायला अख्खं गाव आहे," केबोन्ये म्हणाली.

"मग दवाखाना मागायला तुम्ही एकट्या पुरे."

केबोन्येने तिच्या मगात आणखी चहा ओतला. हे असं ओतणं ती आठवडाभर करत आली होती.

भिंतीला टेकून चटईवर शेजारच्या घरातून आलेली तिची नणंद सेइपोने बसली होती. वय झालं होतं, गुडघे गेले होते, जीभ तेवढी शाबूत होती. तिचा भाऊ, म्हणजे केबोन्येचा नवरा मोलेफे, जोहान्सबर्गच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवून खोकला घेऊन परत आला होता आणि त्यातच वारला होता. त्याआधी त्यांचे वडील तिकडेच. या घरातल्या बायका वाट बघण्यात मुरलेल्या होत्या, आणि सेइपोने त्यांतली सर्वांत मुरलेली.

"काय गं," तिने डोळे न उघडता विचारलं, "तू देश सुधारतेयस की तुझं घर?"

"दोन्ही सुधारलं तर काय बिघडतं, वन्सं?"

"बिघडत काहीच नाही. पण पोरगी येईन म्हणाली आहे का?"

केबोन्येने परातीवर फडकं ओढलं. हा प्रश्न तिने फोनवर कधी विचारलाच नव्हता. विचारला असता तर उत्तर आलं असतं, आणि उत्तराची तिला भीती वाटत होती.

"बघ, मी आपलं विचारलं," सेइपोने म्हणाली. "गोळे संपले का?"

खोत्ल्यात, म्हणजे गावसभेच्या जागी, उभ्या लाकडांच्या अर्धगोल कुंपणाआड, बाभळीच्या सावलीत पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन बसले होते, बायका डावीकडे चटयांवर. मागच्या बाजूला तिपाई कढयांत मांस शिजत होतं आणि दोन पुरुष लाकडी मुसळाने ते कुटायच्या तयारीत होते. खोसी, म्हणजे गावचा प्रमुख, म्हातारा होता, आणि जुन्या रीतींच्या बाबतीत काटेकोर. त्याच्या खोत्ल्यात बाईने पँट घालून पाऊल टाकायचं नाही, आणि बोलायला उभं राहायचं तर खांद्यावर शाल हवी. पोरीबाळी मागे कुरकुरत, पण शाल घेऊन येत.

सरकारची एकच गाडी आली. दुसरी मागे टायर फुटून बसली होती, आणि सगळ्यांच्या पिशव्या तिच्यात होत्या. गाडीतून दोन साहेब उतरले, आणि मग ओनालेन्ना. निळी पँट, पांढरा सदरा, केस अगदी बारीक कापलेले. केबोन्येला वाटलं, हिला आपण रस्त्यात पाहिलं असतं तर ओळखायला क्षणभर लागला असता. त्या क्षणाचं तिला वाईट वाटलं.

खोसीचा माणूस दारातच आडवा झाला. "म्मा, पँट."

"माहीत आहे हो," ओना ओशाळून म्हणाली. "स्कर्ट त्या गाडीत राहिला. प्रवासात घातली होती..."

पुरुषांमध्ये कुजबूज सुरू झाली. एकजण म्हणाला, डॉक्टर झाली म्हणजे रीत विसरायला होतं. दुसरा म्हणाला, बाहेरून ऐकू दे तिला. केबोन्ये पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती उठली, खांद्यावरच्या चौकटीच्या शालीची पिन काढली आणि चालत दारापर्यंत गेली. मुलीच्या कमरेभोवती शाल गुंडाळून तिने पिन टोचली. शाल दीड वेढा बसली.

"बारीक झालीस," ती हळूच म्हणाली.

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. जेवतेस ना नीट?"

"जेवते गं." ओनाने आईच्या हातावर हात ठेवला, जेमतेम क्षणभर, आणि साहेबांच्या मागोमाग जाऊन बसली.

केबोन्ये आपल्या चटईवर परतली. उघड्या दंडांना वारा लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज आपल्याला बोलता यायचं नाही.

ती वहिनीकडे वळली. "वहिनी, माझी पाळी आली की जरा शाल द्या."

म्मा-गोफाओनेने आपली शाल दोन्ही हातांनी आवळून धरली. "मला थंडी वाजतेय हो," ती म्हणाली. ऊन भाजून काढत होतं.

प्रार्थना झाली, पावसासाठी सगळ्यांनी एकसुरात ‘पुला’ म्हटलं, आणि मोठ्या साहेबांनी विचारलं, "सांगा. जगणं चांगलं व्हायला काय हवं?"

खोत्ल्यात एकाने बोलायला सुरुवात केली की दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, मग तो काहीही बरळो. त्यामुळे सगळ्यांचं सगळं ऐकावं लागलं. शाळेच्या मास्तरांनी इंटरनेट मागितलं. एका तरुणाने काम मागितलं आणि इतक्या रागाने मागितलं, की साहेबांनी लिहिणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. एका म्हातारीला पेन्शन फोनवर नको होतं, हातात हवं होतं, कारण फोन नातवाच्या हातात असतो. एक आजोबा उठले आणि म्हणाले, या देशात पूर्वी माणसं वाटेत थांबून एकमेकांची गुरंढोरं, पाऊसपाणी विचारायची. आता गाडीतून हात हलवतात. तेवढं सरकारने बंद करावं. ओना खाली मान घालून सगळं लिहीत होती. केबोन्ये तिच्या मानेकडे बघत होती. लहानपणी वेण्या घालताना हीच मान ती गुडघ्यांत धरून ठेवायची, आणि पोर सुटायला धडपडायची.

मग दितिरो उठला. केबोन्ये सावरून बसली.

"खोसी, भावा-बहिणींनो," दितिरोने सुरुवात केली. "आमच्या लेत्सानेचं आयुष्य सुधारायचं असेल, तर पहिली गोष्ट..." इथे तो थांबला. समोरच्या रांगेत मिनीबसवाले, दुकानदार, वाळूचे ट्रकवाले बसले होते. गावविकास समितीची निवड पुढच्या महिन्यात होती, आणि दितिरोला अध्यक्ष व्हायचं होतं. "पहिली गोष्ट म्हणजे रस्ता," तो म्हणाला.

समोरची रांग खूश झाली. दितिरोला मग आवरेना. रस्त्याने दुकानं येतील, दुकानांनी दिवे येतील, दिव्यांनी काय येईल हेही तो सांगत सुटला. गुरांचं नाव त्याने घेतलं नाही. त्याच्यामागून उठलेल्या चुलत्यांनी आणि मावसभावांनी वारं ओळखलं. त्यांनीही रस्ताच मागितला. आठवडाभराचा चहा वाया गेला होता.

दादा असाच आहे, हे केबोन्येला लहानपणापासून माहीत होतं. तरी दर वेळी ती त्याच्यावर विसंबायची. समोर ओना लिहीत होती, रस्ता, रस्ता, रस्ता. आणखी थोड्या वेळात खोसी उठेल, सगळ्याचं सार सांगेल, आणि त्याने सांगितलं की संपलं. जे खोत्ल्यात बोललं गेलं नाही ते नव्हतंच.

तेवढ्यात तिच्या मांडीवर काहीतरी पडलं. तंबाखूचा वास मारणारी, विटकी शाल.

"घे," सेइपोने म्हणाली.

"वन्सं, तुम्हीच तर म्हणत होता..."

"ते घरात. इथे बोल. मी माझ्या भावासाठी एकदाही तोंड उघडलं नाही. तो खाणीत गेला, मी बघत बसले. बोल तू."

केबोन्ये उठली. पाठ केलेलं होतं ते सगळं गायब झालं. लाल रोगाने मेलेली वासरं, लशी, तालुक्याच्या खेपा, काहीच आठवेना.

"खोसी," ती म्हणाली, "रस्ता हवाच. माझ्या भावाने सांगितलं ते खरं आहे. पण रस्ता झाला की त्यावरून माणसं जातात. माझे सासरे गेले, नवरा गेला. तेव्हा तर डांबरही नव्हतं." कुणीतरी हसलं. "माझ्या घरी नळ आहे. दिवा आहे. फोन आहे, त्यात बोलणं ऐकू येतं. सरकारने खूप दिलं, मी नाही कशाला म्हणू. संध्याकाळी मी दिवा लावते आणि एकटी त्याच्याखाली जेवते. तेव्हा साहेब, मी मागते ते असं. या गावाला गुरांचा दवाखाना द्या. आमची गुरं मरतात, हेही खरं आहे. आणि त्यावर डॉक्टर अशी द्या, की तिला इथल्या वाटा माहीत असतील, इथल्या पाण्याची चव माहीत असेल. जिला संध्याकाळी घरी जायला घर असेल. एवढंच."

ओनाचं लिहिणं थांबलं होतं. तिने वर पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने खोसी काठी टेकून उठला. "रस्ता मागितला गेला," तो म्हणाला. "काम मागितलं गेलं. पेन्शन हातात मागितलं गेलं. गुरांचा दवाखाना मागितला गेला, आणि त्याची डॉक्टर कोण, हे कुणी न सांगता गावाने ऐकलं." आता सगळा खोत्ला हसला, पुरुषही आणि बायकाही, आणि केबोन्येला त्या हसण्याचा राग आला नाही. "माझं म्हणणं असं, की गाव दवाखाना मागतं. साहेब, तो सगळ्यांत वर लिहा."

सगळ्यांनी ‘पुला’ म्हटलं. दितिरो सर्वांत मोठ्याने म्हणाला, आणि लगेच बहिणीकडे येऊन, "झालं की नाही मनासारखं?" असं विचारून गेला, जणू सगळं त्यानेच जमवलं होतं.

जेवणं खोत्ल्यातच झाली. कुटलेलं मांस, ज्वारीची घट्ट उकड, रानभाजी. ओना ताट घेऊन आईजवळ चटईवर येऊन बसली. दुसरी गाडी एव्हाना आली होती, तरी शाल अजून तिच्या कमरेला होती. केबोन्येने आपल्या ताटातलं मांस तिच्या ताटात सरकवलं.

"दवाखाना होईल, आई," ओना म्हणाली. "खरंच होईल. आमच्या यादीत हा भाग होताच. आता खोसीनेच मागितला म्हटल्यावर कुणी अडवणार नाही."

"मग?"

ओना उकडीचा घास बोटांत वळत राहिली. "आमच्या खात्यात स्वतःच्या गावी नेमत नाहीत."

"का?"

"गुरांचे परवाने असतात ना आमच्या हातात. आपल्या गावी आपले मामा असतात. मामा म्हणतात, मार बाई शिक्का."

केबोन्येला हसूही आलं आणि रडूही. सकाळी दितिरो चहा पिता पिता म्हणाला ते वाक्य कुणी जाऊन साहेबांना सांगितलं नव्हतं. ते त्यांना आधीच माहीत होतं. प्रत्येक गावात एक दितिरो असणार.

"म्हणजे मी मागितला तो दवाखाना..."

"दुसरी कुणीतरी येईल. बोबोनोंगची असेल, नाहीतर त्साबोंगची. कुणाचीतरी."

"तुला ठाऊक होतं. मी बोलत होते तेव्हा."

"हो. मध्ये कसं बोलू? खोत्ल्यात कुणी मध्ये बोलत नाही." आणि मग, खाली बघतच, "आणि मला ते ऐकायचंही होतं, आई. तू कधी बोलली नाहीस असं. फोनवर नेहमी म्हणतेस, सगळं ठीक आहे."

"तू पण तेच म्हणतेस."

"हो."

केबोन्येला पुष्कळ विचारायचं होतं. तू आली असतीस का, हे विचारायचं होतं. पण नेमणूकच होत नाही म्हटल्यावर तो प्रश्न निसटून गेला होता, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात थोडं बरंही वाटलं.

"रविवारी काय करतेस?" तिने विचारलं.

"शेजारी एक बाई आहेत. म्मा-लेसेगो. दर रविवारी बोलावतात जेवायला. नाही गेलं तर घरी येऊन उभ्या राहतात."

केबोन्येच्या हातातला घास ताटात परत गेला. "तू कधी सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच," केबोन्ये म्हणाली. "तिला मूलबाळ नाही का?"

"एक मुलगी आहे. कासानेला नर्स. वर्षातून एकदा येते."

"तिला कोण जेवायला घालतं?"

ओनाने खांदे उडवले. "कोण जाणे. असेल कुणीतरी."

गाडीचा भोंगा वाजला. ओना उठली, पिन काढून शाल नीट घडी केली आणि आईच्या खांद्यावर घातली. सेइपोनेचा निरोप घ्यायला वाकली तेव्हा म्हातारी म्हणाली, "केस वाढव," आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बराच वेळ सोडेना. केबोन्येने मात्र लेकीला धरून ठेवलं नाही. नंबर तेवढा मागितला, त्या मौनच्या बाईचा.

"कशाला?"

"असू दे."

धूळ खाली बसली, खुर्च्या उचलल्या गेल्या, म्मा-गोफाओने शाल काखेत मारून घरी गेली. केबोन्ये कुंपणाच्या लाकडाला टेकून उभी राहिली आणि तिने फोन लावला. काय बोलायचं ते तिने ठरवलं होतं. आपण कोण ते सांगायचं, आणि पोरीची आई अजून आहे, हे त्या बाईच्या कानावर घालायचं.

"कोण?" पलीकडून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा, घाईतला.

"मी लेत्सानेहून बोलतेय. ओनालेन्नाची आई."

"अगंबाई," बाई म्हणाली, आणि मग लगेच, "निघाली का हो पोर? मी म्हटलं, दमून येईल. रविवारसाठी नदीतला मासा सांगून ठेवलाय."

"मासा?" केबोन्ये म्हणाली. लेत्सानेत नदी नव्हती. या घरात कधी मासा शिजला नव्हता. "ती मासे खाते?"

"खाते म्हणजे काय, ताट पुसून खाते. काटे तेवढे काढता येत नाहीत अजून. मी बसते काढत."

केबोन्येला बरंच काही बोलायचं होतं. तिने शाल खांद्यावर घट्ट ओढून घेतली.

"मग काढून देत जा हो," ती म्हणाली. "नीट बघून काढा."